पापडांवरच्या मच्छरदाण्या

ईश्वरी,

परवा तुझी शोकसभा झाली. बराकींच्या मधल्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. तुझा एकही फोटो सापडला नाही, म्हणून एका खुर्चीवर तुझी शाल ठेवून तिलाच हार घातला होता. मला कर्जतच्या शाळेतल्या बाई म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. मग छावणीच्या पंचायतीचे मुखी उभे राहिले आणि तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की माझं तोंड कडू झालं. त्यागमूर्ती म्हणाले. निर्वासित मुलींची माउली म्हणाले. हाच माणूस महिन्याभरापूर्वी तुला सगळ्यांदेखत ‘अर्धवट डोक्याची बाई’ म्हणाला होता, तेव्हाही मी तिथेच होते.

तू सिंधमधल्या कोणत्या गावची, फाळणीत तुझं काय काय गेलं, आगबोटीतून तू कशी आलीस, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि त्यातलं निम्मं चुकीचं सांगितलं. मी ते इथे दुरुस्त करत बसणार नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि त्यातलं थोडं तुझ्याशीही आहे.

तू हिवतापाने गेलीस. लॉरी भरून मच्छरदाण्या ज्या छावणीत येऊन पडल्या, त्या छावणीत तू डास चावून मेलीस. कारण त्या मच्छरदाण्या पापडांवर घातल्या होत्या. हे मी कुणालाही सांगितलं की लोक एकदा माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. तू मात्र विषय बदलला नव्हतास. तुला थंडी वाजून दात आपटत होते आणि तू मला म्हणालीस, “अदी, पुढच्या जन्मी मी पापड होते. मग मलापण मच्छरदाणी मिळेल.” अदी म्हणजे तुमच्याकडे ताई. मी तुझ्यावर ओरडले होते की मरणाच्या गोष्टी करू नकोस. तू हसत होतीस आणि मी ओरडत होते, आपलं पहिल्यापासून हे असंच होतं.

पहिला दिवस तुला आठवत असेल. मला हुकूम आला होता की नदीपलीकडे लढाईच्या वेळच्या बराकींत निर्वासितांची छावणी आहे, तिथल्या मुलींचा वर्ग सुरू करायचा, वेळ अकरा ते पाच. मी खडू, फळा, पाट्या घेऊन रिकाम्या बराकीत जाऊन बसले. एक मुलगी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एक शेळी तेवढी रोज नेमाने यायची आणि खडूचा डबा हुंगून जायची. मी मनात म्हटलं, या लोकांना मुली शिकवायच्याच नाहीत, आपण कशाला डोकं फोडून घ्यायचं! तेव्हा तू दारात येऊन उभी राहिलीस, डोक्यावर पदर, हातात पापड उलटायची लाकडी पट्टी, आणि मला म्हणालीस, “बाई, शाळा इधर नहीं है. चलो.”

तू मला नदीकाठच्या कातळावर घेऊन गेलीस. तो सबंध काळा कातळ पापडांनी पांढरा झाला होता. छावणीतल्या बायका पहाटे उडदाचं पीठ कुटायच्या, उन्हं चढायच्या आत पापड लाटून मोकळ्या व्हायच्या आणि कातळावर चादरी टाकून ते वाळत घालायच्या. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात ना, तेवढ्या वेळात कर्जत स्टेशनावर ते खपायचे. उरलेले माथेरानच्या हॉटेलांत जायचे. या पापडांवरच सगळी छावणी जगत होती. आणि ते वाळेपर्यंत कावळे, शेळ्या, वासरं यांच्यापासून राखायला मुलींना बसवायचे. हातात काठी घेऊन भर दुपारी, उन्हं कलेपर्यंत. जागचं हलायचं नाही, दुसरं काम करायचं नाही, फक्त बसायचं.

“देखा?” तू म्हणालीस. “सबके हाथ खाली. सबका मुँह खाली.”

मला तेव्हा कळलं की माझ्या हुकुमात लिहिलेली वेळ बरोबर होती, फक्त जागा चुकली होती. आया पोरींना शाळेत पाठवणार नव्हत्या, पण राखणीला रोज पाठवत होत्या. तू आधीच तिथे बसून कोळशाने कातळावर अक्षरं काढून घेत होतीस. मी पाट्या आणल्या, मराठी आणलं, गणित आणलं. तुझी सिंधी उजवीकडून डावीकडे जायची आणि माझी मराठी डावीकडून उजवीकडे. पोरी दोन्ही बाजूंनी वाचायला शिकल्या आणि मधूनच ‘हाऽऽड्’ करून कावळ्यांवर काठी उगारायच्या. पंचवीस वर्षांच्या तुला सगळ्या पोरी दादी म्हणायच्या. मी हसले तर तू सांगितलंस की सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण, तेव्हा उगाच म्हातारी करू नकोस मला.

कातळाला लागून सगुणाबाईंचं शेत. त्या बांधावर उभ्या राहून रोज बघायच्या. एकदा म्हणाल्या, “बाय, कावलं हाकलाया येवड्या पोरी कशाला गं लागत्यात? आमी येक बुजगावनं लावतो नि भागतं आमचं.” तू त्यांना म्हणालीस, “आमचं बुजगावणं बोलतं.” कुठून शिकली होतीस हे मराठी कोण जाणे. सगुणाबाई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची नातही काठी घेऊन येऊन बसली. तिला राखायला पापड नव्हते, तर तू तिला कोपऱ्यातली एक चादर नेमून दिलीस.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणत होते, हे उघड सांगू या. आयांना बोलवू, मुखींना बोलवू, म्हणू की तुमच्या मुली शिकताहेत, चांगल्या शिकताहेत, जमना तर चौथीच्या परीक्षेला बसेल अशी आहे. तू म्हणायचीस, नको. मी म्हणायचे, चोरून शिकवणं हे काय शिकवणं झालं? तू म्हणायचीस, “अदी, दार बंद आहे. मी खिडकीतून जाते. तू दारावर डोकं मारते.” मला याचा भयंकर राग यायचा. मी बालविधवा. माझ्या मामाने मला शिकवलं ते सगळ्या आळीशी भांडून. आमच्या घरावर शेण मारलं लोकांनी, पण मी शाळेत गेले ती रस्त्याच्या मधून, मान वर करून. आणि तू शिकलीस ती कशी, तर भावाचा डबा पोचवायला म्हणून शाळेत जायचीस, वर्गाच्या भिंतीला टेकून बसायचीस आणि आतलं ऐकायचीस. घरात कुणाला पत्ता लागला नाही. प्रत्येक जण आपण ज्या वाटेने आलो तीच वाट खरी मानतो, असं तू एकदा म्हणालीस. मी म्हटलं, मोठी शहाणी! दोन दिवस आपण बोललो नाही, शेजारी शेजारी बसून वेगवेगळ्या पोरींना शिकवत राहिलो.

मग त्या मच्छरदाण्या आल्या.

खोपोलीच्या बाजूने एक लॉरी आली, लष्कराचा लढाईनंतर उरलेला माल घेऊन. बरोबर मदत समितीची माणसं, पांढरे स्वच्छ कपडे, गळ्यात हार. आगगाडीतले लोक पापडांवर माश्या बसतात अशी कुरकुर करत होते, ते यांच्या कानावर गेलं होतं. ‘निर्वासितांच्या उद्योगाला साहाय्य’ म्हणून त्यांनी मच्छरदाण्या आणल्या, पापडांवर पसरायला. मुखींनी हात जोडून घेतल्या. टाळ्या झाल्या. आणि तू एकटी उठून म्हणालीस, “हमको नहीं चाहिए.”

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. का नको, त्यांनी विचारलं. तू काय सांगणार होतीस? की जाळी आली तर राखण जाईल, आणि राखण गेली तर शाळा जाईल? शाळा आहे हे तर कुणाला सांगायचंच नव्हतं. मग तू आपलं काहीतरी म्हणालीस की जाळीखाली पापड नीट वाळत नाही. बायकासुद्धा हसल्या. तेव्हाच मुखी म्हणाले, अर्धवट डोक्याची बाई आहे, लक्ष देऊ नका. मग तू म्हणालीस की निदान अर्ध्या तरी माणसांना झोपायला द्या, डास आहेत, घराघरात ताप आहे. त्यावर समितीतले एक गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, बाई, ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामासाठी ती वापरली पाहिजे, नाहीतर आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं. त्या माणसाला मी आयुष्यात विसरणार नाही. तो वाईट नव्हता गं. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कातळावर जाळ्या पसरल्या, चारी बाजूंना दगड ठेवले, आणि पोरी गायब. आता राखायला कोण कशाला बसवतंय! रिकाम्या झालेल्या सगळ्या पोरींना आतल्या बराकीत लाटायला बसवलं. दुप्पट हात, दुप्पट पापड. समितीचे लोक म्हणाले, बघा, उद्योग वाढला. कावळे सगुणाबाईंच्या खळ्यावर गेले, त्या मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, “तुमचं ते बोलकं बुजगावनं कुटं हाय? धाडा की माज्याकडं.”

मी तुला म्हटलं, आता तरी बोल. आता लपवायला काय उरलंय? तू म्हणालीस, थांब, काहीतरी दुसरी खिडकी मिळेल. तू ती शोधत बराकी-बराकींतून हिंडलीस. लाटणाऱ्या पोरींजवळ बसून पाढे म्हणवून घेऊन पाहिलंस, पण तिथे बाप होते, आजे होते, बोलायची सोय नव्हती. आणि त्यातच तुला ताप भरला. मी दवाखान्यातून क्विनाइन आणून दिलं. एक दिवस घेतलंस, दोन दिवस घेतलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, कानात शिट्या वाजतात, जमना रात्री उशाशी बसून हळू आवाजात वाचते ते ऐकू येत नाही. मी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते वाचणं! आधी गोळ्या गीळ! तू उशाखालच्या पुडीकडे बघून म्हणालीस, बरं. ते ‘बरं’ खोटं होतं. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. मुखींवर, समितीवर, डासांवर माझा राग आहेच, पण या ‘बरं’वर सगळ्यांत जास्त आहे. माझ्याशी कशाला खोटं बोललीस? मी काय तुझ्या घरचं माणूस होते, भिंतीला टेकून फसवायला?

तर परवा मुखी बोलत होते. शेवटी म्हणाले की सवड झाली की दादीच्या नावाने मुलींची एक शाळा काढू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला राहवलं नाही. मी उठले. माझं हिंदी कसं आहे ते तुला ठाऊक आहे, तू त्याला हसायचीस. त्याच मोडक्या हिंदीत मी सांगितलं की सवड कशाला पाहिजे, शाळा दोन हिवाळे चालू होती, तुमच्या पापडांच्या शेजारी. तुमच्या मुली लिहितात, वाचतात, हिशेब करतात. ही शाळा तुम्ही जाळी टाकून बंद केलीत. आणि जिला ती जाळी अंगावर मिळायला पाहिजे होती तिच्या शालीला तुम्ही हार घालताय. मी चपला घालून निघाले. वाटेने मी तुलाच बोलत होते की घे, फोडलं तुझं गुपित, ये आता भांडायला.

नदीच्या उताराशी मागून हाका आल्या. जमनाची आई होती, धावत आलेली, धाप लागलेली. मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या उपटणार. ती म्हणाली, “अदी, हमको अंधा समझा क्या?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“कावळे हाकलायला एवढ्या पोरी लागतात काय? माझी जमना लाटताना पाढे बोलते. झोपेत पण बोलते. मी आई आहे, मला काय कान नाहीत?”

“मग बोलली का नाहीस?” मी ओरडलेच.

“कुणाला बोलू? नवरा विचारायचा, लडकी कहाँ है. मी सांगायची, पापड राखते. ते खोटं नव्हतं. सगळ्याजणी हेच सांगायच्या.” मग म्हणाली, “ते निमित्त दादीला लागत होतं, त्याच्या दुप्पट आम्हाला लागत होतं. आज तू सगळ्या मर्दांच्या समोर बोललीस. आता ते पण गेलं.”

“मग आता?”

“आता काय. आता बघू,” असं म्हणून ती परत फिरली.

ईश्वरी, तुला हे ठाऊक होतं का? मी परवापासून हेच विचारते आहे. आयांना ठाऊक आहे हे तुला ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस, की तुलाही पत्ता नव्हता? आपण दोघी एकीकडे दारावरून आणि खिडकीवरून भांडत होतो आणि त्या बायका आतून कडी काढून बसल्या होत्या. तुला ठाऊक असेल तर तू लबाड आहेस. ठाऊक नसेल तर तू इतक्या बायकांना उगाच भीत राहिलीस, आणि ते मला जास्त लागतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी शाळेत रजा सांगून मी थेट कातळावर गेले. बायका जाळ्या गोळा करत होत्या. चादर झटकावी तशा जाळ्या झटकत होत्या आणि घड्या घालून काखेत मारत होत्या. मुखी धापा टाकत आले, म्हणाले हे काय चाललंय. जमनाच्या आईने घडी न सोडता सांगितलं की घराघरात ताप आहे, दादी तापानेच गेली, काल तुम्हीच म्हणालात ना ती आमची माउली होती, मग तिच्या मुलींना डासांपासून राखायला नको का? मुखींनी वर पटांगणाकडे पाहिलं. ती हार घातलेली खुर्ची अजून तिथेच होती, कातळावरून सगळ्यांना दिसत होती. मुखी म्हणाले, “और पापड?” ती म्हणाली, “लडकियाँ राखेंगी. पहले भी राखती थीं.” आणि मग, माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाईपण बसतील. शिकवतील.”

बघ, उघड बोलली. तिने उघड सांगितलं, आणि निमित्तही तुझंच पुढे केलं. आपल्यातलं कोण जिंकलं ते मला कळत नाही.

सगुणाबाई बांधावर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “मानूस गेलं तवा जाळी निगाली. ह्ये काय बरं नाय झालं बाय.” मी म्हटलं, नाही झालं.

दुपारी पोरी आल्या, काठ्या घेऊन. सगळ्या नाही आल्या. दोघींच्या बापांनी पाठवलं नाही, त्यांच्या घरी मी उद्या जाणार आहे, दारातूनच. जमना तुझ्या जागी येऊन बसली आणि तुझ्यासारखी पोरींवर डोळे वटारायला लागली. मग तिने धडा काढला आणि वाचायला सुरुवात केली, तशीच हळू, तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, जमने, मोठ्याने वाच. ती म्हणाली, दादीला ऐकू यायचं. मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं, त्यातलं मी काहीच केलं नाही. एक कावळा पापड घेऊन उडाला, तेवढ्यात सगळ्या ‘हाऽऽड्’ करून उठल्या.

उन्हं उतरल्यावर मी तुझ्या खोलीवर गेले. बायकांनी तुझ्या रिकाम्या खाटेवर एक मच्छरदाणी बांधली होती. चारी कोपरे ताणून, नीट खोचून. उशाला दिवा, आत तुझी शाल घडी करून ठेवलेली. चांगल्या भावनेनेच बांधली होती, मला कळतं. पण मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी चारही दोऱ्या ओढून तोडल्या, जाळीचा बोळा केला आणि जमनाच्या घरी नेऊन तिच्या तान्ह्या बहिणीच्या पाळण्यावर टाकला. जमनाची आई म्हणाली, “अदी, दादीला वाईट वाटेल.”

मी म्हटलं, वाटू दे. रागावायचं असेल तर तिने उठून यावं आणि रागवावं माझ्यावर. मी कातळावरच बसलेली असेन.